चीनच्या शेठजींकडून सप्रेम भेट

आमच्या मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, चीनमधल्या एका अब्जाधीशाशी भांडण होतं. ते जवळजवळ दोन वर्षं चाललं. त्या अब्जाधीशाला याची काही कल्पना नव्हती आणि मामाजींना त्याचं नावही धड घेता येत नव्हतं. ते त्याला 'तो चिनी' म्हणत. पुढे ओळख वाढल्यावर 'आपला चिनी' म्हणू लागले, आणि डोकं फिरलं की 'तुहा चिनी'. तुहा म्हणजे माझा, कारण त्याला घरात मी आणलं होतं.

शेलूबाजारात हायवेला लागून आमचं भांड्यांचं दुकान आहे. पाणी भरायचे पितळेचे गुंड, स्टीलचे डबे, वरणाचे गंज, पाणी प्यायचे गडवे, कणीक मळायचे मोठे कोपर. आमच्या भागात लग्न म्हटलं की भांडं आलं, आणि भांडं म्हटलं की त्यावर नाव आलं. कोणाला दिलं, कोणाकडून दिलं, आणि खाली 'सप्रेम भेट'. ही नावं टाकायचं मशीन हातात धरून मामाजी चाळीस वर्षं एकाच गादीवर बसले. मशीन कसलं, वायर लावलेली एक जाड सुई. ती डासासारखी गुणगुणते आणि टिंब टिंब करत अक्षर उमटवते. तालुक्यातल्या निम्म्या संसारांवर मामाजींचं अक्षर आहे.

अलीकडे गिऱ्हाईक आटलं. लोक लग्नात पाकीट देतात, नाहीतर फोनवरून मिक्सर मागवतात. नवरा वाशीमला कचेरीत नोकरीला, सकाळी मोटरसायकलवर जातो तो संध्याकाळी उगवतो. दुकान उघडणं, झाडणं, हायवेची धूळ एकेका भांड्यावरून रोज पुसणं, हे सगळं माझ्या गळ्यात. मी वैतागले होते, खोटं कशाला बोलू? त्यातच एका पार्सल कंपनीचा माणूस गाळा भाड्याने मागायला आला. मी आणि नवऱ्याने स्वयंपाकघरातच ठरवून टाकलं, आणि मामाजींना सांगायला दोघं बरोबर गेलो, कारण एकट्याची हिंमत नव्हती.

मामाजी ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी शांतपणे मशीन बंद केलं.

"देऊन टाका," ते म्हणाले. "पन पह्यले माल संपू द्या. शेवटचं भांडं गेलं का मी उठतो. तोवर मले कोनी उठवाचं नाई."

"शब्द?" नवऱ्याने विचारलं.

"शब्द."

मामाजी शब्दाला पक्के. ऐन तारुण्यात एका लग्नात रुसून 'या घरचं पानी पेनार नाई' म्हणाले होते. त्या घरात नंतर त्यांची सख्खी बहीण दिली, तरी ते तिथे घरून बाटली भरून नेतात. तेव्हा आम्ही निर्धास्त झालो. दुकान गेलं की ते बसतील कुठे, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही असं नाही. उत्तर तयार होतं, घराचा ओटा. ओट्यावर गल्लीतले तिघे म्हातारे दिवसभर बसून जाणाऱ्या-येणाऱ्या जीपा पाहतात. मामाजी त्यांच्याकडे बघून एकदा म्हणाले होते, "हे मेले हायत. फक्त त्याईले कोनी सांगतलं नाई."

माल लवकर संपवायचा तर ऑनलाइन विकावा, ही अक्कल माझी.

वाशीमला बचत गटाच्या बायकांसाठी ऑनलाइन विक्रीचं एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. मे महिना, वर पत्रे, आणि शिकवायला आलेला तरुण चक्क टाय लावून. त्याने तीन तास आम्हाला त्या चिनी शेठजींचं चरित्र सांगितलं. छत्र्या दुरुस्त करणाऱ्याचा हा मुलगा. अंगाने किडकिडीत, परीक्षेत नापास, नोकरीला जाईल तिथून हात हलवत परत. शेवटी भूगोलाचा मास्तर झाला. मग एके ठिकाणी कॉम्प्युटर पाहिला आणि डोक्यात आलं की या डब्यातून दुकान चालवता येईल. घरच्यांनी वेड्यात काढलं. एका खोलीत चारसहा मित्रांनी सुरुवात केली, तिथेच स्वयंपाक आणि तिथेच झोप. न पाहिलेल्या माणसाकडून कोण माल घेणार, असं जो तो म्हणायचा. तर त्याने युक्ती काढली, की पैसे मधे आपण सांभाळायचे आणि माल पसंत पडला तरच दुकानदाराला द्यायचे. पाहता पाहता अख्खा देश त्याच्याकडून मीठ-मिरचीपासून मोटारीपर्यंत घ्यायला लागला. आणि सगळं असं भरात असताना, हातपाय धड असताना, एके सकाळी तो खुर्चीवरून उठला, म्हणाला आता तुम्ही सांभाळा, आणि डोंगरातल्या खेड्यांत शाळा बांधत, दवाखान्यांना देणग्या देत फिरू लागला.

इथे टायवाल्या तरुणाने टायनेच डोळे पुसले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. माझ्या शेजारची म्हणाली, "बिचाऱ्याचं घरी कोनी नसन." राहिलेल्या दहा मिनिटांत पार्सलवर लेबल कसं चिकटवायचं ते दाखवलं, आणि त्यातही चहा आला. येताना प्रत्येकीला चरित्राची पुस्तिका मिळाली.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी ही कथा मामाजींना सांगितली. शेजारी गादीवाले चाचा आहेत. त्यांच्याकडे गिऱ्हाईक नसलं की ते दाढीत कापूस घेऊनच आमच्याकडे येऊन बसतात. तेही ऐकत होते.

"भांडं वाजवून न पाहता घेते लोकं?" मामाजींनी विचारलं.

"घेतात."

"वजन नाई पाहत?"

"फोटो पाहतात."

"फोटोले टिचकी मारते का मंग?"

"बडे मुलुक की बडी बातें," चाचा म्हणाले. "तिकडं लोकाईले टाइम नसन, भाऊ."

नापास झाल्याचं ऐकून मामाजी खूश झाले. ते स्वतः मॅट्रिकला तीनदा बसले आणि तीनदा उठले. छत्रीवाल्याचा पोरगा म्हटल्यावर तर त्यांनी त्याला घरातच घेतलं. पण खुर्ची सोडल्याचा प्रसंग आला आणि मशीन थांबलं.

"उठला? चालू दुकानावरून?"

"हो. स्वतःहून."

"स्वतःहून कोनी नाई उठत, सूनबाई. पोरानं उठवलं असन त्याले. नाई तं सुनेनं."

मी भांडी पुसायला लागले.

"दानधरम कराले दुकान सोडा लागते का? दुकानात बसून होत नाई? याले अक्कल नाई. एवढा मोठा झाला, पन अक्कल नाई." आणि इथून त्यांचं भांडण सुरू झालं. रोज सकाळी गादीवर बसलं की पहिला प्रश्न, "काय म्हनते तुहा चिनी?" मी पुस्तिकेतलं एक पान वाचून दाखवायची आणि ते त्याला शिव्या द्यायचे. पुस्तिका चोवीस पानांची. ती संपल्यावर मी पदरचं घालू लागले. त्याला एक म्हातारी आई दिली, दोन भाऊ दिले, एक म्हैस दिली. मामाजी बारकाईने ऐकायचे. "परवा तं म्हैस गाभन सांगतली होती," असं म्हणून ते मला कोंडीत पकडायचे. मग मला चीनमध्ये वासरू जन्माला घालावं लागायचं.

अशात मी दुकान ऑनलाइन चढवलं. भांड्यांचे फोटो काढायचे तर मामाजी म्हणाले, "मानूस पाह्यजे फोटोत. नाई तं भांडं कोन देऊन राह्यलं हे कसं समजन?" पांढरी टोपी घालून, दोन्ही हातांनी डबा पुढे करून, लग्नातल्या फोटोग्राफरकडे पाहावं तसं ते कॅमेऱ्याकडे पाहत उभे राहिले. प्रत्येक भांड्यासोबत. कंपनीकडून निरोप आला की फोटोत माणूस नको. मी मोबाइलवर कापाकापी केली, पण अंगठे काही निघाले नाहीत. आमच्या दुकानातली झाडून सगळी भांडी दोन अंगठ्यांसकट विकायला लागली.

पहिली ऑर्डर इंदूरच्या एका बाईंची आली, पिठाच्या डब्याची. मी डबा, खोकं आणि लेबल मामाजींपुढे ठेवलं आणि दात दाखवायला वाशीमला गेले. परत आले तर पार्सल गेलेलं.

"नीट बांधलं ना?"

"बांधलं. आनि नाव बी टाकलं."

माझ्या दाढेतली कळ डोक्यात गेली. "कसलं नाव?"

"कसलं म्हंजे? बिननावाचं भांडं या दुकानातून गेलं का कधी? बिननावाचं भांडं म्हंजे चोरीचं भांडं. पंगतीत गेलं का वापसच येत नाई."

त्यांनी लेबलवर होतं तेवढं सगळं डब्यावर उतरवलं होतं. बाईंचं नाव, घर नंबर, कॉलनी, पिन कोड, मोबाइल, आणि खाली ऑर्डरचा लांबलचक आकडा. "येवढं मोठं नाव पह्यल्यांदा टाकलं," ते कौतुकाने म्हणाले. अडचण पुढे आली होती. घेणारी बाई झाली, पण देणारा कोण? बाई स्वतःच घेते आहे, मामाजी तर नुसते दुकानदार. देणाऱ्याशिवाय 'सप्रेम भेट' लिहिता येत नाही. तासभर त्यांनी आणि चाचांनी डोकं लावलं. शेवटी चाचा म्हणाले, "जिसकी वजह से आया, उसका नाम डालो." हे दोघांना पटलं. म्हणून डब्यावर पिन कोडच्या खाली, मामाजींच्या सर्वांत सुंदर अक्षरात लिहिलं गेलं, 'चीनच्या शेठजींकडून सप्रेम भेट'.

"तूच तं म्हनत होती, लय दानशूर हाय," मामाजी म्हणाले.

आठ दिवसांनी इंदूरहून फोन आला. "भैया, ये चीन के सेठजी कौन हैं? पैसे तो मैंने दिए हैं." मी फोन घ्यायच्या आत मामाजींनी घेतला आणि त्या बाईंना शेठजींचं आयुष्य छत्रीपासून म्हशीपर्यंत सांगितलं. अर्धा तास लागला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा 'अच्छा' म्हणाल्या, आणि डबा परत पाठवला. परत करण्याचं कारण म्हणून लिहिलं होतं, 'सामान चाइना का है.'

आपल्याच दुकानातला डबा मामाजींनी आपल्या हाताने चिनी करून टाकला होता. मी त्या दिवशी जेवले नाही. संध्याकाळी एका पुठ्ठ्यावर ठळक लिहिलं, 'ऑनलाइनच्या भांड्यांवर नाव टाकू नये', आणि त्यांच्या गादीसमोर टांगलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. "बराबर हाय," म्हणाले.

मग लगीनसराई आली आणि ऑर्डरी सुरू झाल्या. स्वस्तात लावलं होतं मी, लवकर संपावं म्हणून. पार्सलवाला सकाळी येतो आणि तेव्हाच माझ्या पोळ्या चाललेल्या असतात. मी हात धुऊन दुकानात पोचेपर्यंत खोकी गेलेली असायची आणि सुई अजून गरम असायची.

"मामाजी, पुन्हा टाकलं?"

"हात चालते, बाई. चाळीस वर्साची सवय हाय."

भांडी परत येऊ लागली. रायपूरहून गंज आला, भोपाळच्या एका दातांच्या डॉक्टरांचा गडवा आला. अजमेरच्या एका माणसाने तर लांबलचक तक्रार लिहिली. त्याने तो कोपर बहिणीच्या लग्नात दिला होता आणि आता तिच्या सासरचे लोक कोपरावरच्या त्याच्याच नंबरावर फोन करून शेठजींना बोलवा म्हणत होते. कोपरही त्याने परत धाडला. पार्सलवाला तीन खोकी न्यायचा आणि पाच आणायचा. आलेलं भांडं पुन्हा विकायची सोय नाही, कारण भोपाळच्या डॉक्टरांच्या नावाचा गडवा कोण घेणार? मी म्हटलं, मोडीत घालून टाकू.

"जित्या मानसाचं नाव मोडीत?" मामाजींनी कानाला हात लावला. "पाप हाय."

चाचांनीही मान डोलावली. धर्म वेगळे असले तरी मला विरोध करायची वेळ आली की हे दोघे एका देवाचे होतात.

त्याच सुमारास जऊळक्याकडच्या एका घरी लग्न होतं आणि पंगतीला भांडी कमी पडत होती. मामाजींनी परत आलेला सगळा ढीग त्यांना फुकट वापरायला देऊन टाकला. "वापरा आनि धुऊन वापस आना. नावं हायत, हरपाचे नाईत." त्या लग्नात पाहुण्यांनी भोपाळच्या डॉक्टरांच्या गडव्याने पाणी प्यायलं आणि रायपूरच्या गंजातलं वरण खाल्लं. जेवता जेवता लोक वाचत होते. इंदूर, अजमेर, भोपाळ, आणि सगळ्यांच्या खाली एकच देणारा. आठवड्याभरात पंचक्रोशीत झालं, की चीनच्या कोणा शेठजींनी देशभर भांडी वाटली आणि शिल्लक राहिली ती शेलूबाजाराला दिली.

पुढचं मला थांबवता आलं नाही. एका सामूहिक विवाह मेळाव्यात भांडी गेली तर मांडवाच्या दारात शेठजींचा फ्लेक्स लागला. फ्लेक्सवाल्याला त्यांचा फोटो मिळाला नव्हता म्हणून त्याने शोधून कोणाचा तरी लावला. अंगाखांद्यावरून तो जपानी पैलवान असावा. भाषणात पुढाऱ्याने 'चीनचे दानशूर शेठजी व त्यांचे येथील प्रतिनिधी' यांचे आभार मानले आणि येथील प्रतिनिधींना शाल-श्रीफळ दिलं. मामाजी घरी आले ते शाल अंगावर घेऊनच. उन्हाळा होता.

मग अर्ज यायला लागले. 'मा. चिनी शेठजी साहेब, मार्फत भांडे दुकान, शेलूबाजार' असा पत्ता घालून. कोणाला व्यायामशाळा हवी होती, कोणाला स्मशानात शेड, एका भजनी मंडळाला पेटी. मामाजी अर्ज नीट वाचत, भाषा चुकली असेल तर दुरुस्त करून आणायला सांगत, आणि इंदूरच्या पिठाच्या डब्यात ठेवत. आठवड्याने माणूस विचारायला आला की म्हणत, "शेठजी विचार करून राह्यले." कधीकधी, "शेठजीनं नाई म्हटलं. पुढच्या साली पाहू." एक म्हातारी मात्र अर्ज न आणता नुसतीच आली. तिची काठी मोडली होती. मामाजींनी चाचांच्या दुकानामागचा चांगला बांबू तासून घेतला, खाली रबर बसवलं आणि तिला दिली. "शेठजीनं पाठोली." म्हातारीने तिथेच चीनच्या दिशेने हात जोडले. चाचांनी तिला खांद्याला धरून जरा उजवीकडे वळवलं.

मला हसू येत होतं आणि रागही येत होता. भांडी आमची, बांबू चाचांचा, मेहनत मामाजींची आणि आशीर्वाद सगळे चीनला. ज्याला ते रोज शिव्या देत होते त्याचं नाव गावभर करत होते. मी तसं बोलूनही दाखवलं. मामाजी म्हणाले, "नाव देनाऱ्याचं असते, वाढनाऱ्याचं नाई." आणि दुसऱ्या मिनिटाला, "पन दुकान सोडून गेला, हे त्यानं बराबर नाई केलं."

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर पार्सल कंपनीचा माणूस मोजपट्टी घेऊन आला. त्याला भिंतीपर्यंत पोचताच येईना. पट्टीचं टोक गुंडावर आपटलं, गुंड गडव्यांवर पडला आणि सगळं दुकान घंटेसारखं वाजलं. तो म्हणाला, महिनाअखेरपर्यंत गाळा रिकामा झाला नाही तर कंपनी दुसरीकडे घेईल. त्या दिवशी सुट्टी होती, नवराही तिथेच होता.

"बाबा, माल कधी संपनार?" त्याचा आवाज चढला. "दोन वर्स झाले."

"शब्द देल्ला ना तुले? शेवटचं भांडं गेलं का उठतो."

नवरा पाय आपटत गेला. त्याच्यामागे पार्सल कंपनीचा माणूस गेला. मी पडलेली भांडी उचलायला बसले आणि एकेक फळीवर ठेवताना माझ्या लक्षात आलं, की दोन वर्षांत या दुकानातलं एकही भांडं कमी झालेलं नाही. गेलेलं प्रत्येक भांडं परत आलेलं होतं. फक्त आता ते विकता येत नव्हतं, मोडीत घालता येत नव्हतं आणि कोणाला देऊन टाकावं तर नावांमुळे धुऊन परत येत होतं. हा माल जगाच्या अंतापर्यंत संपणार नव्हता.

मी मामाजींच्या समोर जाऊन बसले.

"मामाजी, ही पाटी वाचता येत नव्हती का तुम्हाला?"

"येते ना. तुहं अक्षर चांगलं हाय."

"मग?"

त्यांनी चष्मा काढला आणि धोतराला पुसत बसले. "बिननावाची गेली असती, तं वापस आली असती का?"

"म्हणजे मुद्दाम केलंत."

"पह्यलं नाई. पह्यला डबा इमानदारीनं पाठोला. तो वापस आला तवा समजलं." ते माझ्याकडे पाहत नव्हते. "मी शब्द मोडला नाई. माल संपला का उठतो म्हटलं होतं. आता माल संपतच नाई, त्याले मी काय करू?"

"आणि चीनचे शेठजी? ते कशाला दरवेळी?"

"त्याच्यानंच तं वापस येते, बाई. नुसत्या नावाचं भांडं लोक ठेवून घेते, मिरवते. चीन वाचलं का वापस." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "दोन वर्स दुकान राखलं त्यानं माहं. मी त्याले येवढ्या शिव्या देल्ल्या आनि त्यानं राखलं. सारं जग म्हनते दानशूर हाय, मंग नाई म्हनता येते का मले?"

मग ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "त्या ओट्यावर मले नको बसवू, पोरी."

खरं तर मला राग यायला हवा होता. दोन वर्षं मी खोकी बांधली, तक्रारी निस्तरल्या, परक्या बायकांची बोलणी खाल्ली. पण मला नुसती लाज वाटली. एका चिनी माणसाला मी म्हैस दिली, आई दिली, त्याने खुर्ची का सोडली यावर रोज सकाळी नवी कारणं शोधली, आणि समोर बसलेल्या माणसाला त्याची गादी सोडायची आहे का, हे एकदाही विचारलं नाही. मला रडू आलं. ते मी हायवेच्या धुळीवर ढकललं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, गाळा द्यायचा नाही. तो भांडला. मीही भांडले, आणि मी जास्त वेळ भांडू शकते. पार्सल कंपनीने पुढच्या चौकात जागा घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या तशाच ठेवून दुकानात गेले. रात्रीतून एक ऑर्डर आली होती, अकोल्याच्या एका बाईंची, पितळी गडव्याची. मामाजींनी बाईंचं नाव टाकलं होतं. सवयीने ते खाली 'चीनच्या' लिहायला लागणार, तेवढ्यात मी त्यांचा हात धरला.

"ते नको. देणारे म्हणून तुमचं नाव टाका."

"माहं?" त्यांनी मशीन बंद केलं. "माहं टाकलं तं हा वापस नाई येनार."

"नाही आला तर नाही आला."

"अन् असा एकेक करत माल संपला मंग?"

"संपला तर नवा भरू. संपला तरी तुम्ही उठायचं नाही. शब्द तुम्ही दिला होता, पण उठवणार आम्ही होतो ना? आम्ही उठवत नाही."

मामाजींनी गडवा हातात घेऊन फिरवला. चाळीस वर्षांत त्यांनी हजारोंची नावं टाकली, पण स्वतःचं एकदाही टाकलं नव्हतं. कोणी लग्नाला बोलावलं तर आहेर आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, नावाने जायचा, त्या गेल्यावर माझ्या नवऱ्याच्या. त्यांनी बोटाने मोजून गडव्याच्या पोटावर जागा पाहिली.

"बसन का एवढ्यात?"

"बसेल."

त्यांनी मशीन सुरू केलं, सुई टेकवली आणि पुन्हा उचलली.

"नावाच्या आंधी 'श्री' लावू का?"

"लावा," मी म्हटलं. "चांगला मोठा लावा."